ढाल अठ्ठावन्न, पाककला एक्क्याऐंशी

पिंप्राळ्याच्या पलीकडच्या कॉलनीत कुणाच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, की लोक डॉक्टरच्या आधी ज्योत्स्नावहिनींना हाक मारतात. नाकातली नळी सरकली, बोलवा वहिनींना. पाठीला जखमा झाल्या, बोलवा वहिनींना. वहिनी मळलेली कणीक तशीच झाकून ठेवतात आणि जातात. "तुमचा हात फार हलका हो," हे घरोघरी ऐकून परत येतात. या कामाची त्यांना मनापासून शिसारी आहे हे कॉलनीत कुणाला माहीत नाही. माहीत असतं तरी लोकांनी बोलावणं थांबवलं असतं असं काही मला वाटत नाही.

हात हलका झाला तो सासूबाईंमुळे. ज्योत्स्ना नशिराबादहून लग्न होऊन जळगावात आली, चार वर्षांत सासूबाईंना लकवा झाला आणि पुढची नऊ वर्षं त्या खाटेवर होत्या. नर्स ठेवावी असं घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही, घरात सून होती की. पहिल्यांदा नळी घालताना ज्योत्स्ना मोरीत जाऊन ओकली. पन्नासाव्या वेळी ओकली नाही. पाचशेव्या वेळी ती नळी घालता घालता लहानग्या पियुषकडून बेचा पाढा म्हणून घेत होती. माणूस जे रोज करतं त्यात ते तयार होतं, मग ते आवडो की न आवडो. आणि एकदा का तयार झालं, की ते काम काही त्याच्या मानगुटीवरून उतरत नाही.

तिला स्वतःला विचाराल तर तिला एकच गोष्ट मनापासून आवडायची, ती म्हणजे रांधणं. हिवाळ्यात भादलीच्या शेतात भरताची पार्टी असली की चाळीस-पन्नास माणसं जमायची. वांगी भाजायचं काम पुरुषांचं. कपाशीच्या काड्यांचा जाळ करून डोळ्यांत धूर घेत ते भाजत बसायचे आणि मोठमोठ्या बाता मारायचे. पण मिरची किती, लसूण किती, शेंगदाणे कधी, हे सगळे ज्योत्स्नाला विचारायचे. कुणाच्या घरी जायचं तर हातात डबा पाहिजे, रिकाम्या हातानं उंबरा ओलांडायचा नाही, ही तिच्या आईची शिकवण होती आणि तिनं ती बावन्नाव्या वर्षापर्यंत पाळली.

पियुष तिचा एकुलता एक. बंगळुरूला कंपनीत लागून त्याला तीन वर्षं झाली होती आणि घरी येऊन चौदा महिने. तो वाईट पोरगा नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही उगाच त्याच्यावर दातओठ खाल. रोज फोन उचलायचा. फक्त त्या फोनमध्ये काही नसायचं.

"जेवला का?"

"हो."

"काय जेवला?"

"मम्मी, काम आहे. ठेवू का?"

आता यावर आईनं काय म्हणावं? ठेव म्हणायची. मग फोन हातात धरून उगाच दोन मिनिटं बसायची. नवरा हितेंद्र एसटीच्या डेपोत मेकॅनिक, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. तो म्हणायचा, "पोरं मोठी झाली की असंच असते. तू कायले जीवाले लावून घेते?" आणि पेपर उघडायचा. तिला हे बोलणं अजिबात पटायचं नाही.

एका रविवारी दुपारी तिची भाची कामिनी पियुषच्या खोलीत बसली होती. ही हितेंद्रच्या बहिणीची मुलगी, जामनेरची, इंजिनिअरिंगसाठी मामाकडे राहायला आलेली. कॉलेजच्या कामासाठी तिनं पियुषचा जुना कॉम्प्युटर चादर काढून चालू केला. त्यात त्याचा गेम तसाच होता, आणि पडद्याच्या कोपऱ्यात पियुषच्या नावापुढे हिरवा ठिपका होता.

"मामी, पियुषदादा ऑनलाइन आहे. गेम खेळतोय."

"आता? मले तर आताच म्हणे काम आहे."

"तीन तासांपासून आहे," कामिनी म्हणाली, आणि म्हटल्यावर तिलाच वाटलं की हे बोलायला नको होतं.

दुसरी एखादी आई चिडली असती, रडली असती. ज्योत्स्नालाही वाईट वाटलं, खूपच वाईट वाटलं. पण तिनं स्टूल ओढलं, पडद्यासमोर बसली आणि त्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं, "तठी जाता येते का?"

जाता येत होतं. कामिनीनं तिला नवीन खातं काढून दिलं. गेममध्ये हिंदी भाषेची सोय होती, त्यामुळे वाचायची अडचण आली नाही. एक मोठं राज्य, त्यात गावं, जंगलं, किल्ले, आणि हजारो माणसं एकाच वेळी आपापल्या घरी बसून त्यात हिंडतात. आपण एक माणूस व्हायचं आणि त्याला हळूहळू वाढवायचं. कामिनीनं तिला तलवारवाले, धनुष्यवाले दाखवले. ज्योत्स्नानं त्यातली एक ठेंगणी, रुंद, कमरेला फडकं बांधलेली बाई निवडली आणि तिचं नाव ठेवलं 'ज्योत्स्ना नशिराबाद'.

"मामी, गावाचं नाव कशाला?"

"ओळख नको का? कुठची बाई, कोणाची बाई, लोक विचारतीन ना."

त्या राज्यात पियुष राहायचा उत्तरेच्या किल्ल्यावर, ठिपक्याशेजारी तसं लिहून यायचं. त्याला सांगायचं नाही, असं ज्योत्स्नानं ठरवलं. सांगितलं असतं तर तो हसला असता, किंवा त्याहून वाईट म्हणजे लाजला असता. आपण सरळ डबा घेऊन त्याच्या दारात उभं राहायचं, असा तिचा बेत. तो दार उघडेल आणि म्हणेल, मम्मी, तू? एवढंच तिला हवं होतं. मग दोघांनी कुठंतरी बसायचं आणि बोलायचं. तीन तास त्याच्याकडे असतातच, त्यातला एक तास आपल्याला.

गेमचा नियम असा की जे कराल ते वाढतं. चाललात तर चाल वाढते, पोहलात तर पोहणं वाढतं. ज्योत्स्नानं रांधलं. गावाच्या चौकात चूल होती. ती कांदे गोळा करायची, मुळं खणायची, तळ्यातले मासे धरायची नाही, कारण घरात कुणी खात नाही. रांधलेलं कुणाला द्यायचं? तर येईल त्याला. चौकात उभी राहून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटत सुटली. कुणी अंगात चिलखत, हातात परशू घेऊन धावत लढाईला निघालेला असायचा आणि ही बाई त्याला थांबवून रस्सा द्यायची. लोक थबकायचे, घ्यायचे, वाकून नमस्कार करायचे. दीड महिन्यात तिची पाककला बावन्न झाली. कामिनीच्या मैत्रिणी फोनवर हे ऐकून लोळून हसल्या, पण ज्योत्स्ना इतकी खूश होती की तिला त्याचंही काही वाटलं नाही.

आणि इथंच तिचं चुकलं. म्हणजे चूक म्हणायची की काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

एके दिवशी ती डबा भरून उत्तरेच्या रस्त्याला लागली. गावाबाहेर पडली नाही तोच झाडीतून लांडगा आला आणि एका उडीत तिला मारून टाकलं. ती पुन्हा चौकात उभी राहिली, पुन्हा निघाली, पुन्हा मेली. सहा वेळा मेली. पहिल्या दिवशी याच रस्त्यावर कुत्र्याएवढी लांडग्याची पिल्लं होती, दगड मारला की पळायची. आता हे दांडगे, खांद्याला लागतील एवढे झालेले.

कामिनीनं इंटरनेटवर शोधून काढलं. "मामी, तुम्ही जेवढ्या वाढता तेवढे लांडगेही वाढतात. तुमची सगळी बेरीज बघून गेम त्यांना मोठं करतो. तुम्ही बावन्न झालात ना, त्यांना वाटतं तुम्ही मोठ्या योद्ध्या आहात."

"मी तर नुसता सयपाक केला."

"गेमला ते कळत नाही. त्याला नुसता आकडा कळतो."

"म्हणजे मी रांधलं म्हणून लांडगा मोठा झाला?"

"हो."

 मग ज्योत्स्नानं जे केलं ते नशिराबादच्या बाईलाच सुचलं असतं. तिच्या माहेरी शेतावर जाताना भाकरीचा तुकडा वाटेतल्या कुत्र्यांना टाकायची पद्धत होती, तुकडा टाकणाऱ्याला कुत्री ओळखतात आणि जाऊ देतात. तिनं लांडग्यापुढे रस्सा ठेवला. भाकरी ठेवली. सलग आठ दिवस ठेवली. लांडगा भाकरीवरून चालत आला आणि त्यानं तिला आठही दिवस फाडलं.

"त्यात खायला घालायची सोयच नाहीये, मामी," कामिनी हळूच म्हणाली. "मारायची आहे. नाहीतर पळायची. आणि पुढं उत्तरेच्या किल्ल्याचं दार तर तलवार तीस आणि ढाल तीस असल्याशिवाय उघडतच नाही."

"पण मले नाही मारायचं काही. मले फक्त पोराकडे जायचं आहे."

"मग नका मारू. गेम जबरदस्ती थोडीच करतो. नाही शिकलात तरी चालतं."

"आणि नाही शिकली तर?"

"तर इथंच राहायचं. चौकात."

"याले जबरदस्ती नाही तर काय म्हणतेस गं तू?" ज्योत्स्ना एकदम तापली. "तुह्या आजीच्या वेळी पण मले हेच सांगे लोक. तुझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही म्हणे. नाही केली. पण दुसरं दार कोणतं उघडं ठेवलं होतं? ते एक तरी सांगा ना मले."

कामिनीनं मान खाली घातली. आजीचं सगळं तिनं लहानपणी पाहिलेलं होतं. 

आठवडाभर ज्योत्स्ना त्या खोलीत गेली नाही. वाळवणं केली, डाळी निवडल्या. रविवारी फोन केला तर पियुष म्हणाला, "मम्मी, काम आहे." तिनं खोलीचं दार लोटून पडद्यावर पाहिलं. हिरवा ठिपका होता. तिनं चौकातल्या लोहाराकडून एक तलवार आणि एक लाकडी ढाल घेतली.

पहिला लांडगा मारला तेव्हा तो मरताना कुत्र्यासारखा केकाटला. ज्यांनी हे गेम बनवले त्यांना एवढा बारकावा करायची काय गरज होती, देव जाणे. तिनं झटकन आवाज बंद केला. तलवार एक झाली, असं पडद्यावर सोनेरी अक्षरांत आलं आणि तुतारी वाजली असणार, पण आवाज बंद होता.

मे महिना लागला. जळगावचा मे, पंचेचाळीस अंश, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. कॉम्प्युटर तापून बंद पडायचा म्हणून तिनं घरातला एकुलता एक कूलर त्याच्याकडे फिरवला आणि स्वतः घामानं निथळत बसली. हितेंद्र डेपोतून आला की दारात उभा राहून म्हणायचा, "किती मारले आज?" आधी थट्टेनं विचारायचा, मग सवयीनं. ती म्हणायची, "बावीस." आणि चहा टाकायला उठायची. लांडग्यांनंतर डाकू होते. ही माणसं होती, आणि अर्धमेली झाली की गुडघ्यावर बसून हात जोडायची. सोडून दिलं तर मागून वार करायची, म्हणून सोडता यायचं नाही. पहिल्या डाकूच्या वेळी तिचा हात थांबला आणि त्यानं तिला मारलं. पंधराव्याच्या वेळी तिचा हात थांबला नाही.

एकदा तिच्या लक्षात आलं की गेल्या तासाभरात आपण डाकूंच्या तोंडाकडे पाहिलेलंच नाही, फक्त त्यांच्या डोक्यावरची लाल पट्टी किती उरली तेवढं पाहतोय. तिनं हात मागे घेतले आणि पदराला पुसले. तिला स्वतःचीच भीती वाटली. पण तलवार सत्तावीस झाली होती, तीनच राहिले होते. अशा वेळी कोण थांबतं? तुम्ही तरी थांबला असता का?

पोळ्याच्या आदल्या रविवारी ती उत्तरेच्या किल्ल्यावर पोचली. ढाल एकतीस, तलवार तीस. दार उघडलं. आत दगडी चौक, चौकात शेकोटी आणि शेकोटीजवळ पाच-सहा जण. एकाच्या डोक्यावर पियुषचं नाव होतं. काळं चिलखत घातलेला उंच माणूस, पियुषसारखा मुळीच दिसत नव्हता. कामिनीनं कानाला हेडफोन लावून दिले आणि माइक चालू केला. 

"पियुष, मी आहे. मम्मी."

 पलीकडून पियुषचाच आवाज, फोनवर कधीच ऐकू न येणारा, मोकळा. "मम्मी? तू? अरे तेजस, ही माझी मम्मी आहे. खरंच. जळगावहून आलीय."

तेजस म्हणजे त्याचा कंपनीतला मित्र, धुळ्याचा. तो म्हणाला, "काकू, एकट्या आलात? लांडग्यांच्या रस्त्यानं? कमाल शे बाई तुमची." सगळे हसले, कौतुक केलं, तिला शेकोटीशी जागा दिली. ज्योत्स्नाला हुंदकाच आला. तिनं डबा पुढे केला. पियुषनं तो घेतला, एका क्षणात संपवला, त्याच्या डोक्यावर हिरवा आकडा चमकून गेला. "भारी आहे मम्मी, चाळीस ताकद मिळाली," तो म्हणाला.

"आणि घरी काय जेवला आज?"

"थांब मम्मी, एक मिनिट, हल्ला आला."

हल्ला आला तो परतवता परतवता तास गेला. ज्योत्स्ना शेकोटीच्या दाराकडच्या बाजूला होती म्हणून पहिले घाव तिच्यावर आले, आणि तिनं ढाल वर धरली, कारण हात आता आपोआप वर जायचा. ती हलली नाही. मागे सगळे वाचले. लढाई संपल्यावर तेजस म्हणाला, "पियुष, आपला ढालवाला सोडून गेला त्याच्यापेक्षा काकू चांगल्या आहेत."

त्या दिवसापासून पियुष स्वतःहून फोन करायला लागला. हे मी खोटं सांगत नाही. दर रविवारी जेवणं आटोपली की फोन वाजायचा. "मम्मी, तीन वाजता ये हं. नक्की ये." हितेंद्र चष्म्यावरून बघायचा. ज्योत्स्ना अडीचलाच भांडी आवरून, केस विंचरून, धुतलेली साडी नेसून पडद्यासमोर बसायची. साडी तिथं कुणाला दिसणार होती? पण मुलाला भेटायला जायचं तर नीट जावं, असं तिला वाटे. कॉलनीतल्या धुरपदाबाईंची नळी सरकली होती त्या रविवारीही तिनं त्यांच्या सुनेला सांगितलं, पाच वाजेनंतर येते. आयुष्यात पहिल्यांदा ती नाही म्हणाली आणि तिला फार बरं वाटलं.

पण तिथं बोलणं व्हायचं ते असं. "मम्मी, डावीकडे." "मम्मी, ढाल वर." "मम्मी, थांब तिथंच, हलू नको, आम्ही मागून मारतो." ती हलायची नाही. तिच्या पाठीमागे पोरं आपापसांत बोलायची, हसायची, ऑफिसातल्या साहेबाच्या नकला करायची. ते सगळं तिच्या कानावर पडायचं. त्यातून तिला कळलं की पियुषनं घर बदललंय, की त्याला मध्यंतरी टायफॉइड होऊन गेला. हे तिला त्यानं सांगितलं नव्हतं. तो तेजसला सांगत होता आणि ती पुढे ढाल धरून उभी होती.

"कधी रे झाला टायफॉइड?" ती म्हणाली.

"मम्मी समोर बघ, समोर."

तिनं समोर पाहिलं.

चौकातलं रांधणं तिनं सोडलं नव्हतं. रविवारच्या लढाया संपल्या की आठवड्यात एखाद्या दुपारी ती जुन्या गावात परत जायची, चूल पेटवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाढायची. नवीन आलेली माणसं तिच्याभोवती गोळा व्हायची. डिसेंबरपर्यंत पाककला एक्क्याऐंशी झाली. त्या अख्ख्या राज्यात एवढी पाककला असलेली माणसं मोजकीच होती, कामिनीनं तिला यादी दाखवली होती.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी पियुषनं तीनच्याऐवजी दोनलाच फोन केला. "मम्मी, आज आपल्याला बर्फातला किल्ला घ्यायचाय. तुझी ढाल अठ्ठावन्न आहे, पंच्याहत्तर लागेल."

"मग वाढवू ना. महिनाभरात होईन."

"नाही होणार. तुझी बेरीज भरलीय. प्रत्येकाला ठरावीकच गुण ठेवता येतात, एक वाढवायचं तर दुसरं काढावं लागतं. किल्ल्याच्या मागे विहीर आहे बघ, विसरायची विहीर. तिथं जाऊन एक कौशल्य टाकून दे. त्याचे निम्मे गुण ढालीला मिळतात. पाककला टाक."

ज्योत्स्नानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक्क्याऐंशी आहे मम्मी ती. नुसती वाया चाललीय. कुणी वापरतं का ती?"

"मी वापरते."

"अगं पण तिचा उपयोग काय? ताकदीच्या बाटल्या विकत मिळतात. तुला कळत नाहीये, ढाल अठ्ठ्याण्णव होईल तुझी. अख्ख्या राज्यात नसेल कुणाची."

"तलवार टाकते मग. मले तशीही नको ती."

"तलवारीशिवाय दारच उघडत नाही, मम्मी." मग त्याचा आवाज मऊ झाला. चांगला मुलगा आहे, म्हटलं ना मी. "बरं, राहू दे. तुला नको असेल तर नको. तेजसच्या ओळखीचा एक जण आहे, त्याला घेतो ढालीला. तू आराम कर रविवारी."

तो रागावून बोलला नव्हता. आईला उगाच त्रास नको म्हणून खरोखरच बोलला होता. त्यामुळे तर तिला काही म्हणायलाच जागा उरली नाही. भांडायचं तरी कुणाशी? आपण नाही म्हटलं तर पुढचा रविवार कसा असेल हे तिला लख्ख दिसत होतं. जेवला का, हो, काय जेवला, काम आहे.

"थांब," ती म्हणाली. "येते मी विहिरीवरून."

कामिनी दारात उभी होती. "मामी, नका ना. नऊ महिने लागलेत त्याला."

"तू जा, कुकर लाव."

विहिरीनं एकदा विचारलं, नक्की? मग पुन्हा विचारलं, हे परत मिळणार नाही, नक्की? इतकं दोनदोनदा कुणी तिला जन्मात कधी विचारलं नव्हतं. ज्योत्स्नानं दोन्ही वेळा 'हाँ' दाबलं. पाककला शून्य झाली. ढाल अठ्ठ्याण्णव झाली, सोनेरी अक्षरं आली. तिच्या पिशवीत आज सकाळी रांधून ठेवलेले सात डबे होते, ते मात्र तसेच राहिले. तिनं ते पियुषला आणि त्याच्या मित्रांना वाटले. कुणी खाल्ले, कुणी पिशवीत टाकले.

बर्फातला किल्ला पाऊण तासात पडला. ज्योत्स्ना दारात उभी राहिली आणि तिच्यावर बाण, दगड, आग, सगळं आलं, पण तिला काहीच झालं नाही. मागे पोरं आरडाओरडा करत होती. तेजस म्हणाला, "काकू, तुमच्यासारखी ढाल कोणाचीच नाही." पियुष नुसता हसत होता, लहानपणी हसायचा तसा, दम लागेपर्यंत. ते हसू तिनं तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. ती डोळे मिटून ऐकत बसली. आत्ता तो खूश आहे, आत्ता विचारावं, असं तिला वाटलं.

"पियुष, जानेवारीत येशीन ना रे घरी? दोन वर्षं होतीन आता. चार दिवस तरी ये."

"जानेवारीत?" तो अजून हसतच होता. "आता कशाला मम्मी एवढा प्रवास? आधी मलाच वाटायचं गं, घरी जायला पाहिजे, मम्मीला भेटून किती दिवस झाले. आता ते काही वाटत नाही. दर रविवारी भेटतोच की आपण."

हेडफोनमध्ये वारा वाहत होता, त्या बर्फाचा.  हितेंद्र बाहेरून विचारत होता, काय म्हणतो, येतो का. कामिनीनं स्वयंपाकघरात कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली.

"मम्मी, आहेस ना? आतलं दार उघडतंय बघ. पुढे हो."

"हो," ज्योत्स्ना म्हणाली, आणि पुढे जाऊन तिनं ढाल वर धरली.